पास झालेला पाय

हेमलताबाईंच्या टिकल्या चोरीला जायला लागल्या, आणि चोर घरचाच निघाला.

सकाळी आंघोळ करून आरशासमोर उभं राहावं, पाकीट उघडावं, तर मरून टिकल्यांच्या ओळीच्या ओळी साफ. साडीला मॅचिंग म्हणून हौसेनं आणलेल्या हिरव्यासुद्धा गेलेल्या. कामवाल्या मुनियम्मावर आळ घ्यायची सोय नव्हती, कारण ती टिकलीच्या वाटेला जायची नाही, कपाळभर कुंकू थापायची. मग एके दिवशी इस्त्रीचे कपडे ठेवायला बाईंनी नवऱ्याचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला दोन अवाढव्य तळपायांचं रंगीत चित्र डकवलेलं होतं, आणि गोवर उठावा तशा त्या तळपायांवर त्यांच्या टिकल्या उठल्या होत्या.

"अहो, हे काय?"

"लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवी म्हणजे ओके," पद्माकरराव म्हणाले. पेपरमधून त्यांनी डोकंही वर काढलं नाही. "माझ्या बॉडीचा इन्स्पेक्शन चार्ट आहे तो. हात लावू नकोस."

"आणि मी कपाळाला काय लावू?"

"कुंकू लाव. टिकल्या यायच्या आधी बायका काय बिनकपाळाच्या हिंडत होत्या?"

पद्माकर हुद्दार मूळचे नागपूरचे. तरुणपणीच बंगळूरला आले ते के. आर. पुरमच्या पलीकडच्या एका सरकारी कारखान्यात, आणि उभा जन्म इन्स्पेक्शन खात्यात काढला. यंत्राचा सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते मोजायचे, आणि त्याच्या गळ्यात हिरवा नाहीतर लाल बिल्ला बांधायचे. हिरवा बांधला की तो भाग जगात कुठंही जायला मोकळा. त्यांच्या लाल बिल्ल्याला मोठमोठे मॅनेजर घाबरत. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारला पैसे वाचवायची हुक्की आली. स्वेच्छानिवृत्ती नावाची एक गोष्ट निघाली. तिच्यात निवृत्ती होती, स्वेच्छा कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. हुद्दारसाहेबांना हार घातला, नारळ दिला आणि घरी पाठवलं.

घरी आलेला इन्स्पेक्टर काय करणार? त्यांनी घरच तपासायला घेतलं. व्हर्नियर लावून पोळीचा व्यास मोजला. डब्यांची झाकणं घट्ट बसतात का ते बघितलं. हेमलताबाईंच्या फोडणीला एकदा लाल शेरा मिळाला, तेव्हा त्यांनी कढई नवऱ्याच्या पुढ्यात आदळली आणि त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच करा, मी बिल्ला बांधते."

कारखान्यानं निरोपाच्या वेळी आणखी एक गोष्ट दिली होती. शेवटच्या डॉक्टरी तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करा म्हणाले आणि उठता उठता बोलले, "रोज पाय बघत जा. बारीक जखमसुद्धा अंगावर काढू नका."

पद्माकररावांनी ते ह्या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. हेमलताबाईंनी मात्र ते पक्कं धरून ठेवलं. त्यांचे अकोल्याचे नागनाथमामा साखरेनंच एका पायाला मुकले होते. धोतराचा एक सोगा दुमडून कमरेला खोचायचा आणि दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघायचे, एवढंच काम मामांना उरलं होतं. पाय कापायच्या आधी ओसरीवर यायचा तो कुजका वास बाई लहानपणापासून विसरल्या नव्हत्या. त्या दिवसापासून देवापुढं हात जोडले की त्यांचं मागणं एकच. मुलगा बाहेरगावी आहे, तो त्याचं बघेल. बँकेतलं व्याज घटतंय, घटू दे. ह्यांचे दोन्ही पाय तेवढे शाबूत राहू देत.

देवानं ऐकलं असावं, फक्त अर्धवट. कारण पायांकडं लक्ष द्यायला त्यानं पाठवलं ते शेषगिरींना.

शेषगिरी चामराजपेटेतले. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या इथंच गेल्या होत्या की वाक्य मराठीत निघून कानडीत पोचायचं. बापाच्या वेळचं चपलांचं दुकान होतं. ते बसायला लागलं तेव्हा त्यांनी कुठल्याशा शिबिराला जाऊन तळपायाचं शास्त्र शिकून घेतलं, आणि त्याच दुकानावर 'पादकल्याण केंद्र' अशी पाटी लावली. आतलं काहीच बदललं नव्हतं. पायाचं माप घ्यायचं तिरकं स्टूल तेच, भिंतीवरचे खण तेच. खणांत चपलांच्या जागी आता लाकडी रोलर, काटेरी पट्टे आणि जिम्मी नावाचे बोटभर दांडके मांडले होते. दाराच्या मागं एक पाटी होती, 'ही सेवा औषधाला पर्याय नाही. गोळ्या बंद करू नयेत.' पाटी अगदी ठळक अक्षरात होती. पण दुकान चालू असलं की दार उघडं, आणि दार उघडं असलं की पाटी भिंतीकडं तोंड करून उभी.

"बन्नी सार, बसा," पहिल्या दिवशी शेषगिरींनी हुद्दारांचा पाय त्या स्टुलावर ठेवून घेतला आणि हात फिरवत म्हणाले, "आठ नंबर. पाय सपाट. सार, सगळं शरीर ह्या तळव्यात आहे. अंगठ्यात डोकं, टाचेत कंबर, मधे पोट. हा स्वादुपिंडाचा पॉइंट, तुमची शुगर इथं. आणि हे हृदय, हे मात्र फक्त डाव्या पायाला." आणि त्यांनी जिम्मी रोवली.

"आई गं!" हुद्दार ओरडले.

"दुखलं? सरी, बरोबर! दुखणं म्हणजे आतला अवयव हाक मारतो. रोज दाबायचं. एक दिवस दुखायचं थांबेल. थांबलं की अवयव बरा."

पद्माकररावांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी तेज आलं. पॉइंट आहेत, चाचणी आहे, निकाल आहे. दुखलं तर रिजेक्ट, नाही दुखलं तर ओके. त्यांना परत नोकरी लागली होती.

खोटं कशाला बोला, गुण आला. संध्याकाळचा चहा झाला की पद्माकरराव पाय बायकोच्या मांडीवर टाकायचे आणि ती चार्टवर बघून एकेक पॉइंट दाबायची. आयुष्यभर शिफ्टमधून येऊन पेपरमागं लपलेला हा माणूस आता पळून जाऊ शकत नव्हता, कारण पाय तिच्या ताब्यात होते. हेमलताबाईंनी साठलेलं सगळं बोलून घेतलं. त्यांच्या आईच्या आजारपणात हे रजा घेऊन आले नव्हते, तेसुद्धा बोलून घेतलं, आणि तेव्हा अंगठा जरा जास्तच जोरात दाबला. पद्माकरराव कळवळले आणि म्हणाले, "चुकलंच माझं." असं ते लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाले. त्यांना झोप लागायला लागली. पोट साफ व्हायला लागलं. चिडचिड इतकी कमी झाली की मुनियम्मानं बाईंना हळूच विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

एकच पंचाईत झाली. शेषगिरींनी फर्मान काढलं की नवऱ्यांनीही बायकांचे पाय दाबायचे. केंद्रातल्या रविवारच्या वर्गात सगळे नवरे सतरंजीवर बसले आणि सगळ्या बायका आक्रसून भिंतीला टेकल्या. नवऱ्यानं पायाला हात लावायचा म्हणजे काय! शेवटी असा तोडगा निघाला की पाय दाबून झाला की बायकोनं उठून नवऱ्याच्या पाया पडायचं, म्हणजे पाप फिटलं. पद्माकररावांनी जिम्मी लावली तशी हेमलताबाई जागोजागी किंचाळल्या.

"फार रिजेक्शन आहे तुझ्यात," ते काळजीनं म्हणाले.

"असू दे," म्हणत बाई उठल्या आणि पाप फेडायला वाकल्या.

मग दिवस गेले आणि चित्रावरच्या लाल टिकल्या कमी व्हायला लागल्या. आधी अंगठे हिरवे झाले, मग चवडे. "दुखतंय?" बाई विचारायच्या. "नाही," ते खुशीत सांगायचे. दाबणारीचीच बोटं दुखून यायची. एक दिवस बाईंनी स्वादुपिंडावर जिम्मी अशी दाबली की तिचं टोक पिचलं.

"काहीच नाही?"

"रीडिंग झिरो!" पद्माकररावांनी स्वतःच्या हातानं तिथं हिरवी टिकली लावली. दुसऱ्या दिवशी साखरेच्या गोळ्यांचं पाकीट उचलून ते फ्रीजवर टाकायला निघाले.

"अहो, गोळ्या राहू द्या. डॉक्टर म्हणाले होते..."

"हिरवा बिल्ला बांधलेला माल कुणी परत भट्टीत घालतं का?"

"आधी रक्त तरी तपासून घ्या."

"घेईन गं. ही तपासणी रोजची आहे. ते लॅबवाले एकदा सुई टोचून काय सांगणार?"

बाईंनी रोज एक गोळी भाजीत कुस्करून घालायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी पद्माकररावांनी घास थांबवून विचारलं, "भाजी कडू का लागते?" आणि पानात शोधाशोध करून पांढरा कण काढून दाखवला. इन्स्पेक्टरच तो. घासातला कण त्याला दिसला. स्वतःचा पाय पायरीला आपटून नख फुटलं, ते मात्र मुनियम्मानं फरशीवरचं रक्त पुसताना सांगितलं तेव्हा कळलं.

दसरा आला. बंगळुरातली मराठी मंडळी दर वर्षी चामराजपेटेतल्या एका शाळेचा हॉल घेऊन जमायची. दुपारी सरस्वतीची पूजा, मग आपट्याची पानं वाटायची, मग कुणाचं तरी भाषण आणि शेवटी श्रीखंड. त्या वर्षी भाषण हुद्दारांचं ठरलं होतं. विषय, 'माझे निरोगी तळपाय'. पुढं शेषगिरींचं रोलरचं टेबल. शेजारच्या रत्नाबाई मुद्दाम पैठणी नेसून आल्या होत्या.

"अक्का, साहेबांचं सगळं हिरवं झालं म्हणे? आमच्या ह्यांचं डोकं तेवढं लाल आहे, पैल्यापासून!" हेमलताबाईंना चिमटा काढून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

शेषगिरी स्टेजवर चढून चार्ट टांगायला लागले. एका हातात चार्ट, दुसऱ्या हातात ड्रॉइंग पिनांची डबी. चार्ट सांभाळायला गेले आणि डबी सुटली. पिना स्टेजभर उधळल्या. दोघाचौघांनी वाकून वेचल्या. "झालं, पर्वागिल्ला, हरकत नाही," म्हणत शेषगिरींनी चार्ट टांगला.

स्टेजवर सरस्वती, म्हणून पद्माकररावांनी चपला पायऱ्यांशी काढल्या आणि ते अनवाणी वर गेले. अर्धा तास ते बोलले. बोलताना त्यांना फेऱ्या मारायची सवय, कारखान्यातली. दुखणं म्हणजे काय, शून्य म्हणजे काय, पाश्चात्त्य डॉक्टर कुठं चुकतात, ते सगळं त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सांगितलं. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता प्रत्यक्ष बघा." आणि डावा पाय उचलून लोकांसमोर धरला.

हेमलताबाईंना आधी वाटलं टिकली आहे. चौथ्या बोटाच्या खाली, हृदयाच्या जागी, सोनेरी, छान गोल, हॉलच्या दिव्यात चमकणारी. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सोनेरी टिकली कधी आणलीच नव्हती. आणि ह्या टिकलीखालून एक बारीक लाल रेघ टाचेकडं निघाली होती.

"अहो, पिन!" त्या उभं राहून ओरडल्या. "पायात पिन घुसलीय!"

 शेषगिरींचा चेहरा पांढरा पडला. पद्माकररावांनी पाय वळवून बघितला, नखानं पितळी टोपी पकडली आणि आख्खी पिन उपसून वर धरली. वेदनेची एक सुरकुतीसुद्धा चेहऱ्यावर आली नाही.

"मला कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच त्याचा अर्थ उमगल्यासारखा आवाज चढला. "मंडळी, मला कळलंसुद्धा नाही! थेट हृदयाच्या पॉइंटवर! रीडिंग झिरो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगांतले लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. शेषगिरींच्या चेहऱ्यावर रंग परतला. लोक रांग लावून स्टेजवर आले आणि हुद्दारांच्या पायाला जिम्मी टोचून गेले. एका निवृत्त न्यायमूर्तींनी त्याच भोकावर दाबून बघितलं आणि मान डोलावली. रोलर संपले. रत्नाबाईंनी शेवटचा घेतला.

त्या सगळ्या हॉलमध्ये एकच बाई हातात आपट्याचं पान चुरगाळत बसली होती. श्रीखंडाची वाटी समोर आली ती तिनं तशीच पुढं सरकवली.

घरी येऊन हेमलताबाईंनी जखमेत हळद भरली. डॉक्टरकडं चला म्हणून सांगितलं, रुसून बघितलं, एक दिवस जेवल्या नाहीत. पद्माकरराव समजुतीनं म्हणायचे, "अगं, दुखलं असतं तर मीच गेलो असतो. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरचा वेळ कशाला घ्यायचा?" बाहेर ते आता मोजे घालून हिंडायचे. तळपायांना आता मान होता, धूळ लागू द्यायची नव्हती.

मग घरात उंदीर मेला.

निदान मुनियम्मा तसं म्हणाली. वास येत होता, गोडसर, कुबट. स्वयंपाकघरातली फळी हलवली, काही नाही. पद्माकररावांनी मोहीम हातात घेतली. हातात बॅटरी, मागं दोघी बायका. ते माळ्याखाली उभे राहिले की वास माळ्याखाली. "इथं आहे!" माळा रिकामा केला. ते देवघरापाशी गेले की वास देवघरात. "इथंच कुठंतरी!" देव हलवले. पलंग ओढला, ट्रंका उपसल्या, न्हाणीघराच्या मोरीत फिनेल ओतलं. उंदीर सापडेना. मेलेला असून घरभर हिंडत होता.

"विचित्र केस आहे," पद्माकरराव खुर्चीत बसत म्हणाले. "मी जिथं बघतो तिथंच जास्त येतो."

हेमलताबाईंच्या हातातला झाडू खाली पडला. त्यांना अकोल्याची ओसरी दिसली. त्या नवऱ्याजवळ गेल्या, खाली बसल्या, आणि डाव्या पायाचा मोजा ओढला. तो सहज निघाला नाही. निघाला तेव्हा बरंच काही घेऊन निघाला. दोन बोटं जांभळट काळी पडली होती, आणि सोनेरी टिकलीच्या जागी करंगळी जाईल एवढं भोक.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं. सवयीनं तेच तोंडात आलं.

"छे," पद्माकरराव म्हणाले. पण पायाकडं बघायचं त्यांनी टाळलं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडून हा माणूस हलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या सरळ रत्नाबाईंकडं गेल्या. रत्नाबाईंची भाची भार्गवी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती. परत येऊन बाई दारातून म्हणाल्या, "ती भार्गवी आहे ना, ती हसली. म्हणाली, पायात पिन गेलेली कळत नाही असं होऊच शकत नाही. काका थापा मारतात."

"कोण, ती कालची पोर?" पद्माकरराव उठून उभे राहिले. "चल. चार्ट घे."

ऑटोत वास कोंडला तसा ऑटोवाल्यानं आरशातून मागं बघितलं आणि मान बाहेर काढून चालवायला लागला. पद्माकररावांच्या काखेत चार्टची गुंडाळी होती. वाटेत ते भाषणाची उजळणी करत होते. रत्नाबाई पुढच्या सीटवर अर्ध्या टेकून बसल्या होत्या आणि पदरानं नाक दाबून "स्वल्प लवकर, स्वल्प लवकर" म्हणत होत्या.

भार्गवीनं मोजा काढला. ती हसली नाही. तिनं जाडसर नायलॉनचा एक दोरा घेतला आणि म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी पायाला हात लावते. कळलं की हो म्हणा."

पद्माकररावांनी डोळे मिटले. परीक्षा द्यायला बसलेल्या पोरासारखा चेहरा केला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. भार्गवी डाव्या पायाला दोरा टेकवत गेली, अंगठ्याला, चवड्याला, टाचेला. मग उजव्याला. मग तिनं दोरा ठेवून दिला आणि बोटानंच दाबून बघितलं.

"कर ना सुरू," डोळे मिटूनच पद्माकरराव म्हणाले.

भार्गवीनं मोजा उचलून बाजूला टाकला.

"अगं, सुरू कर की. मी तयार आहे."

"काका," भार्गवी म्हणाली, "संपलं केव्हाच."

पद्माकररावांनी डोळे उघडले आणि आधी बायकोकडं बघितलं. हेमलताबाई पंख्याकडं बघत होत्या.

मग त्यांच्या पायाला हवा तसा श्रोतृवर्ग मिळाला. मोठे डॉक्टर आले, त्यांच्यामागं शिकाऊ डॉक्टरांचा थवा आला, आणि सगळे पलंगाभोवती वाकून तळपाय बघायला लागले. मोठे डॉक्टर इंग्रजीत समजावून सांगत होते. साखर वाढत राहिली की पायातल्या संवेदनेच्या नसा मरतात. माणसाला वाटतं, दुखायचं थांबलं. काखेतली गुंडाळी कुणी उघडायला सांगितली नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. घोट्याच्या वर की गुडघ्याच्या खाली, कापायचं कुठून एवढंच ठरायचं होतं, आणि तेही उद्या नको, आजच.

कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पद्माकरराव बराच वेळ पेन धरून राहिले.

"हेमा," ते म्हणाले, "खात्यात नवा पोरगा आला की मी त्याला पहिली गोष्ट काय शिकवायचो, माहितेय? रीडिंग झिरो आलं की आधी माल बघू नकोस, आधी मीटर बघ. बंद पडलेल्या मीटरचा काटासुद्धा झिरोवरच असतो." मग त्यांनी सही केली. "पहिलीच गोष्ट."

शेषगिरी भेटायला आले ते मोसंबी घेऊन. पलंगाच्या रिकाम्या अंगाकडं बघायचं चुकवत स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरलेले होते. माणूस वाईट नव्हता.

"सार, मी पाटी लावली होती. दाराच्या मागं," ते म्हणाले.

"दाराच्या मागं," पद्माकरराव म्हणाले.

शेषगिरींना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "उजवा आहे अजून, सार. उजव्यात पण बहुतेक सगळं असतं. लिव्हर तर उजव्यालाच असतं. फक्त..." ते थांबले.

"फक्त हृदय," हेमलताबाई म्हणाल्या. "ते डाव्याला होतं ना? मोसंबी तिथं ठेवा आणि या तुम्ही."

घरी आल्यावर आठवडाभर पद्माकररावांनी पेपरसुद्धा उघडला नाही. वास गेला होता. मुनियम्मानं आपल्या समजुतीप्रमाणं सगळ्यांना सांगितलं की उंदीर सापडला. एका सकाळी हेमलताबाई न्हाऊन येतात तो आतून किंकाळी आली. धावत गेल्या. पद्माकरराव पलंगावर घामानं भिजून बसले होते आणि चादरीच्या सपाट भागाकडं बोट दाखवत होते.

"दुखतंय! हेमा, डावा पाय दुखतोय. चौथ्या बोटाखाली. पिन टोचतेय!"

"अहो, तो..."

"मला ठाऊक आहे तो नाही!" ते रडायला लागले. "आता दुखतोय. आता दुखून काय उपयोग?"

भार्गवीनं सांगितलं होतं की असं होतं. कापलेला पाय मागं राहिलेल्या माणसाला छळतो. हेमलताबाईंना काय करावं ते सुचेना. त्या सवयीच्या जागी बसल्या आणि चादरीवर, जिथं टाच असती तिथं, अंगठा टेकवून दाबायला लागल्या. गादी दबत होती.

"जरा वर," पद्माकरराव म्हणाले. "हां. तिथं." हळूहळू त्यांचा श्वास खाली बसला.

मग बाईंचा हात आपसूक शेजारी गेला. तिथं उजवा पाय होता, गरम, पाच बोटांचा, खराखुरा. त्यांनी अंगठा दाबला. नख रुतवलं. तळव्यावर अर्धचंद्र उमटला.

"दुखतंय?"

पद्माकरराव छताकडं बघत होते. "कुठं लावलायस हात?"

जो पाय नव्हता तो बोंबलत होता. जो होता तो गप्प.

हेमलताबाई उठल्या. कपाट उघडलं, चार्ट काढून पलंगावर पसरला. मग टिकल्यांची उरलेली पाकिटं आणली आणि उजव्या पायावरच्या हिरव्या टिकल्या नखानं खरवडून काढायला सुरुवात केली. एकेक काढायची, त्या जागी मरून लावायची.

"अगं, रीडिंग झिरो आहे," पद्माकरराव क्षीण आवाजात म्हणाले.

"म्हणूनच."

 मग पद्माकररावांनी हात पुढं केला, पाकीट घेतलं आणि एकेक टिकली सोलून तिच्या बोटावर ठेवायला लागले. डोकं, रिजेक्ट. मान, रिजेक्ट. फुप्फुस, लिव्हर, रिजेक्ट. जन्मभरात एवढे लाल बिल्ले त्यांनी एका मालाला बांधले नव्हते. स्वादुपिंडापाशी आले आणि पाकीट संपलं.

हेमलताबाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि तिथं लावली.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणं रत्नाबाई दारात आल्या. "ऑटो आणलाय, अक्का. भार्गवी ओपीडीत आहे, उजवा पाय दाखवून..." त्यांचं लक्ष वर गेलं. "अय्यो! कपाळ! नवरा समोर बसलाय आणि भुंडं कपाळ? कुंकू तरी लावा स्वल्प!"

"येताना लावते," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या काखेत खांदा दिला. "कपाळ सकाळपासून ठणकतंय माझं. म्हणजे चालू आहे अजून. चला, अहो, उठा. गोळ्या मी पिशवीत घेतल्यात."

पद्माकररावांनी उजवा पाय जमिनीवर टेकवला. टेकला की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी खाली वाकून बघितलं.